वत्सलाच्या आरशावरची पाटी

वत्सला गेल्याचं मला दारव्ह्याच्या बाजारात कळलं. तिच्या पार्लरशेजारच्या कापडवाल्यानं हाक मारून सांगितलं... सकाळी दुकान उघडून, झाडून ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली, ती उठलीच नाही.

तेरवीच्या पंगतीत एक नात्यातली बाई वाढता वाढता म्हणाली, "हात चांगला होता बाईचा, पण सख्ख्या भाचीचे केस जाळले ते जाळलेच." मी पानावरून मान वर केली नाही. तेव्हा जे बोललो नाही ते आता लिहितो आहे.

वत्सला माझी धाकटी बहीण. तिचे स्वतःचे केस असे कुरळे की कंगव्याचे दात तुटायचे. कुणी केस सरळ करायला आली की ती गरम प्रेसनं एक बट सरळ करायची आणि टोक मगातल्या पाण्यात बुडवायची. बट लगेच वळायची. "पाह्यलं? प्रेसचं काम पाण्यापर्यंतच. अन् क्रीमचं केस कापेपर्यंत. वरून नवे येतीन ते कुरळेच. खाली झाडू, वर जावळ. चालते का?" निम्म्या बायका उठून जायच्या. माझा जीव नुसता तडफडायचा. "दुकान चालवून राह्यली का शाळा?" मी ओरडायचो. "शाळेत फी तरी भेटते, दादा," म्हणून ती हसायची. असल्या बाईपुढे काय डोकं आपटायचं?

माझ्या रेणूचे केस आत्यासारखेच. महागावचं स्थळ पाहायला आलं त्या दिवशी वत्सलानंच कुरकुरत तिचे केस प्रेस केले. मुलगी पसंत पडली आणि मग माझ्या डोक्यात हळद आली. उष्टी हळद घेऊन वरपक्षाच्या बायका येणार, त्यांच्यासमोर रेणूला न्हाऊ घालणार, आणि पहिल्या तांब्यालाच केस वळणार! मी तडक पार्लर गाठलं. म्हटलं, क्रीम लाव.

"पोरीनं काळी मेहंदी लावली हाय. त्याच्यावर क्रीम गेलं तं केस तुटतीन. त्याईले सरळ सांगून काहून टाकत नाही, पोरगी कुरळ्या केसाची हाय म्हणून?"

"तुले काय कळते स्थळातलं?"

तिनं आरशाकडे बोट केलं. तिथं तिच्या हातची पाटी होती: 'इथं क्रीमनं केस सरळ करून मिळणार नाहीत.'

मी रागारागात रेणूला यवतमाळच्या एका पार्लरमध्ये नेलं. तिथल्या मुलीनं विचारलं, केसांना आधी काही लावलंय का? रेणू माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "काही नाही." हळदीच्या आधीच केस कंगव्यात मुठीनं यायला लागले. लग्न डोक्यावरचा पदर घट्ट धरून झालं. पुढे जावई मला हसत म्हणाले, "मामा, कुरळे केस तं आमी हिच्या कॉलेजच्या फोटोतच पाह्यले होते." म्हणजे हा सगळा खटाटोप कुणासाठी?

आत्या पार्लरवाली, म्हणून लोकांनी तिलाच धरलं. पाटीकडे बोट दाखवून म्हणायचे, "भाचीचे जाळले, तवा अक्कल आली." नवऱ्या मुली तिच्याकडे यायच्या थांबल्या. रेणू खरं सांगायला निघाली, तर सासरी बोभाटा होईल म्हणून मीच तिला गप्प केलं. एकदा न राहवून वत्सलावरच चिडलो, "तू बोलत काहून नाही?"

"मी बोलून कोण मानते? तू बोलला तं मानतीन, दादा."

मी उठून घरी गेलो... तर ऐका. पाटी लग्नाच्या आधीपासून होती. केस तिनं जाळले नाहीत. ते तुटले ते माझ्या हट्टानं आणि माझ्या खोट्यानं.

वत्सलाचं दुकान आता मीच पाहतो. परवा एक मुलगी ते भाड्यानं घ्यायला आली. खुर्ची आवडली, आरसा आवडला. "काका, एवढी पाटी काढावी लागेल. माझं मुख्य काम क्रीमचंच आहे." मी म्हटलं, मग दुसरं दुकान पाहा. ती गेल्यावर रेणू कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, असं केलं तं भाडेकरू भेटणार नाही."

"मग काढू का पाटी?"

कपाळावर आलेले कुरळे केस रेणूनं मागे सारले, आणि ओढणीच्या टोकानं पाटीवरची धूळ पुसायला लागली.