अंबडकरांची सायकलवाली

अंबडमध्ये माझी एक गोष्ट लहानथोरांना पाठ आहे. ती खोटी आहे, हे मात्र मी आजवर कुणापाशी बोललो नाही — घरातही नाही. तुम्हालाच का सांगतोय? मलाही नीट कळत नाही.

युक्रेनमध्ये मी डॉक्टरकी शिकत होतो. खोलीत सोबतीला जुन्या जालन्याचा इरफान. त्या शहरात एक सायकलपटू होती — कडेला उंच चढत गेलेल्या गोल ट्रॅकवर बिनब्रेकची सायकल पळवायची. पदकं जिंकलेली, दुकानादुकानात तिचा फोटो. इरफान तिच्यापायी वेडा. पडून तिचं खांद्याचं हाड मोडलं, तर हा दिवसभर जेवला नाही. त्याच्या नादानं मीही शर्यतींना जायचो. आम्ही तिला पाहिलं ते लांबून, एवढंच.

मग युद्ध सुरू झालं. मी घरी पोचलो, इरफान मागे राहिला. पत्रकारांनी विचारलं — एवढ्या गर्दीत गाडीत चढलात कसे? गर्दीत आमची चुकामूक झाली, मी म्हणालो, आणि मला त्या सायकलवाल्या बाईनं ओढून डब्यात चढवलं. तिचंच नाव तोंडात का आलं? कोण जाणे.

झालं! आपल्याकडे सत्काराला निमित्तच लागतं. चौकात फ्लेक्स लागला — समस्त अंबडकरांतर्फे तिचे जाहीर आभार. नाकापेक्षा मोती जड. तिच्या फोटोपेक्षा पुढाऱ्यांचेच मोठे. ती कुठे जिंकली की पुन्हा फ्लेक्स. तिचा ट्रॅक युद्धात बंद पडला, आता ती परदेशात सराव करते, हे इथं पानटपरीवरही ठाऊक. अजून दवाखान्यात पेशंट हात पुढे करता करता विचारतात, "डॉक्टर, तुमची सायकलवाली काय म्हणती?" मला हसू येतं, आणि मी नाडी मोजायला लागतो.

इरफानची अम्मी तर तेव्हा रोज तिच्यासाठी दुआ मागायची — तीच बाई आपल्या लेकालाही गाडीत बसवेल म्हणून. मी अम्मीसमोर बसून चहा प्यालो. मान हलवली.

इरफान बऱ्याच दिवसांनी युक्रेनहून परतला, पायाला पट्टी बांधून. माझ्या सत्काराला पहिल्या रांगेत बसला. कुणीतरी त्याच्या हातात माइक दिला.

"हौ, ती बाईच होती," तो म्हणाला. "मी सोता पाह्यलं."

आणि त्यानं माझ्या गळ्यात हार घातला.

का बोलला असेल तो तसं? मला वाचवायला? की माझी लाज वाटून? आम्ही अजून भेटतो, तिच्या शर्यती मोबाइलवर सोबत बघतो. ना त्यानं कधी विषय काढला, ना मी. ही माफी आहे की शिक्षा — खरंच समजत नाही.

बाई तिथे नव्हतीच. इरफान डब्याच्या पायरीवर चढला होता. मला खाली रडताना पाहून तो उतरला, आणि त्यानं मला आत ढकललं. दार लागेपर्यंत तो, वर ओढून घे म्हणून, माझ्याकडे हात पुढे करून उभा होता. माझा उजवा हात मोकळा होता — मी तो खिशात घातला.