दही लागलं नाही, लागण झाली

सोमवारी सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की आठवते, कारण मोबाईलचा गजर बंद केला आणि त्याच उजेडात दुधाच्या गंजाचं, म्हणजे मोठ्या पातेल्याचं, झाकण उघडलं. आदल्या संध्याकाळी विरजण लावलेलं दूध सकाळी दूधच! बोट घालून चाटलं. गोड!

तेव्हापासून आमच्या गटात अशा गोष्टी इतक्या साचल्या आहेत की एक सांगायला घेतली की तिच्या मागून चार उठतात. दही सोडून सगळं साचलं.

सालेकशाजवळच्या आमच्या गावात सहा बायांचा बचत गट आहे. दही, मठ्ठा, श्रीखंड करून बाजारात विकतो. दूध तापवून विरजण लावायचं काम माझं, आमच्याच घराच्या मागच्या खोलीत. माझी परी अडीच वर्षांची. ती कडेवर असली तरी एका हातानं विरजण लावता येतं, म्हणून मला झेपणारं हे एकच काम. तीन दिवस ओळीनं दही लागलं नाही आणि पुढच्या बुधवारी तर लग्नाची मठ्ठ्याची ऑर्डर! गटाच्या अध्यक्ष पुष्पाबाईंनी सांगून टाकलं, "बुधवारपावतर पाहू वो. नाही लागलं तं वैशालीले दह्यातून काढू."

जशी काही मी माशीच!

*

माझ्या सासूबाईंना बुधवारपर्यंत थांबायची गरज नव्हती. त्यांचं कारण पहिल्याच दिवशी तयार. "तिचा हातच तसा आहे."

शेजारची कुसुम आमच्याच गटात. ती म्हणाली, "हात नाही वो, नजर लागली. गंज उघडा ठेवते ना ही!" आणि तिनं लिंबू-मिरची आणून दोऱ्यानं गंजाच्या कडीला बांधली. लिंबू कापलेलं. दूध गरम. वाफेनं दोरा ढिला झाला की परीनं ओढला, देव जाणे. लिंबू आत!

दूध फाटलं. कुसुम वाकून बघते, खूश होते आणि म्हणते, "पाह्य! काहीतरी तं झालं ना!"

*

मग मी वाटी घेऊन गावात विरजण मागत फिरले. दिवा लागायच्या आत, कारण नंतर कोणी देत नाही. खालच्या आळीत गेले, शाळेजवळच्या घरात गेले, पार रेल्वे फाटकापर्यंत गेले. परी कडेवर, वाटी हातात. फाटकाजवळच्या बाईंनी छान घट्ट कवडी काढून दिली. मी विचारलं, "मावशी, तुमचं विरजण कोणाचं?"

"तुमच्याच गटाचं ना वो! बाजारातून नाही का आनलं मागच्या आठवड्यात?"

परतताना बाकी दोघींनाही विचारलं. तेच! गावभर पायपीट करून मी आमचंच दही घरी आणलं होतं. रात्रभर त्यानंही काही केलं नाही.

*

शुक्रवारी गोंदियाला गेले. परीला सर्दी, म्हणून तिला डॉक्टरला दाखवायचं आणि दही लावायची पावडर मिळते का तेही बघायचं. दुकानदार ऐकून घ्यायच्या आधीच म्हणाला, "दीदी, दूध में पानी है."

"भैया, दूध हमारे घर की भैंस का है!"

"तो भैंस पानी पीती होगी."

पावडर घेऊन आले. त्या पावडरीनं शनिवारी दही लागलं, रविवारी अर्धं लागलं, सोमवारी परत दूध. सासूबाई म्हणाल्या, "पावडरीले बी तुया हात लागला."

*

सोमवारीच दुपारी आम्हाला शिकवायला येणाऱ्या दुग्धव्यवसायाच्या मॅडम आल्या. त्यांनी गंज पाहिला नाही, दूध पाहिलं नाही. सरळ खोलीच्या कोपऱ्यात गेल्या. तिथं श्रीखंडाचा चक्का फडक्यात टांगलेला होता आणि खाली गंजात त्याचं पिवळट पाणी, म्हणजे निवळी, टपटपत होतं.

"ही निवळी कशाला ठेवता?"

"गंज विसळाले," पुष्पाबाई अभिमानानं म्हणाल्या. "पानी वाचते."

मॅडमनी डोक्याला हात लावला. "अहो, दही लागत नाही, कारण दह्याला लागण झाली आहे. दह्याच्या जंतूंना वायरस झालाय. तो या निवळीत भरलेला असतो. रोज तुम्हीच त्यानं गंज विसळता!"

मी सातवी शिकलेली. दह्यात चांगले जंतू असतात, एवढं शाळेत आलं होतं. त्या जंतूंनाही आजार होतो, हे आठवीत असेल! पण वायरस शब्द ऐकला आणि मी परीला जवळ ओढलं. अर्धं लागलेलं दही परीनं भाताबरोबर खाल्लं होतं. वरून सर्दी! मी तिचं तोंड उघडून जीभ बघायला लागले, कपाळाला हात लावला, पोट दाबून पाहिलं. ती रडायला लागली, तिच्याबरोबर मीही.

मॅडम म्हणाल्या, "अहो, हा माणसाला काही करत नाही. फक्त दह्याच्या जंतूला धरतो. तुमची परी जंतू आहे का?"

सासूबाई दारातून म्हणाल्या, "कधी कधी असते."

*

मग मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. हा वायरस जंतूच्या अंगावर बसतो आणि सुईसारखं टोचून आपलं बी आत सोडतो. जंतू दही लावायचं सोडून वायरसचीच पिल्लं घडवत बसतो. पिल्लं तयार झाली की आतल्या पडद्याला भोकं पडतात. त्या भोकांतून एक रस बाहेरच्या भिंतीपर्यंत पोचतो आणि भिंत विरघळवतो. मग आतल्या दाबानं जंतू फटकन फुटतो आणि ढीगभर नवे वायरस बाहेर!

आम्ही सहाजणी माना हलवत होतो. कळलं कोणालाच नव्हतं. कळलं एकट्या सासूबाईंना! त्यांच्या माहेरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या गावचे तलाव आणि बोड्या, म्हणजे मातीची पाळ घालून अडवलेली छोटी तळी, बांधणारे. त्या म्हणाल्या, "म्हंजे बोडीच्या पाळीसारखं. खेकडा भोक पाडते, अन् मंग आतलं पानीच पाळ फोडते."

"अगदी बरोबर, आजी!" मॅडम खूश.

सासूबाई थांबल्या नाहीत. माझ्याकडे बघत बोटांवर मोजत गेल्या. "बाहेरून येते. घरात घुसते. घरच्यायले आपल्या कामाले लावते. लेकरं काढते. अन् आतून घर फोडते." मग मॅडमकडे वळून, "हे तं सून झाली ना वो!"

सगळ्या हसल्या. सगळ्या सुनाच होत्या, तरी हसल्या. परीनं टाळ्या वाजवल्या.

*

उपाय होता. निवळी खोलीच्या बाहेर, दूर. गंज, चमचे, फडकी खळखळ उकळायची. फरशी ब्लिचिंग पावडरनं धुवायची. आणि विरजण दुसऱ्या ठिकाणचं आणायचं, कारण हा वायरस एकाच जातीच्या जंतूला धरतो, दुसऱ्या जातीला त्याची किल्ली लागत नाही. दोन-तीन विरजणं आलटून पालटून वापरायची, म्हणजे वायरसला घर सापडत नाही.

दुसऱ्या ठिकाणचं म्हणजे कुठलं? माझं माहेर आमगावकडे. चार वर्षांत सासूबाईंनी तिकडचं दही घरात येऊ दिलं नव्हतं. "तिकडचं आंबट राह्यते," एवढंच कारण. मी त्यांना विचारलंच नाही. आईला फोन केला. मंगळवारच्या गाडीनं ती मांडीवर स्टीलचा डबा धरून आली. डबा माझ्या हातात दिला, सासूबाईंना म्हणाली, "पोरीच्या हातानं लावा हो, विहीणबाई." आणि परतीच्या गाडीनं गेली.

रात्रभर मी काय झोपले असेन!

बुधवारी पाच चाळीसला झाकण उघडलं. गंज कलता केला तरी हललं नाही. चमचा उभा राहिला!

सासूबाईंनी बोटभर घेतलं. "आंबट आहे," म्हणाल्या. मग वाटीभर घेतलं.

ऑर्डर गेली. संध्याकाळी, दिवा लागायच्या आधी, कुसुम वाटी घेऊन विरजण मागायला आली. मी आत परीला भरवत होते. दारात सासूबाई होत्या.

"असीच वाटी घेऊन आली काय वो? पहिले उकडून आन!"

"काऊन वो, मामी? धुतली ना."

"धुतली नको सांगू. हे आमच्या सुनेच्या माहेरचं आहे. बाहेरचं आहे म्हून तं टिकलं." मग तिला पाठमोरी पाहून मोठ्यानं ओरडल्या, "अन् तिकडच्या बायायले बी सांगजो! कोनाच्या घरी दही नाही लागलं, तं सुनेच्या हाताले नाव ठेवाच्या आंधी गंज उकडून पाहा म्हनाव!"