दाजींचा कान

आमच्या दाजींइतका कान देऊन ऐकणारा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत शोधून सापडायचा नाही. फक्त बोलणारं यंत्र असायला हवं. लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर सदा खिशात. त्याचं टोक चालत्या यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "बेअरिंग गेलंय." मिक्सर, पंखा, सोसायटीचा पंप, कुणी सुटलं नाही. माझ्या ताईचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, गुडघे धरले तेव्हा तिच्या गुडघ्यालाही त्यांनी तो लावून पाहिला. "ग्रीस संपलंय," म्हणाले. ताई पदर तोंडाला लावून हसली. मला काही हसू आलं नाही.

तिला खाली बसवत नव्हतं. देवपूजेपुरतं एक स्टूल हवं, एवढंच मागणं. मी म्हटलं, डोंबिवलीहून येताना घेऊन येतो. तर दाजी उखडले. "बाजारातलं भुशाचं लाकूड माझ्या घरात नको. मी करतो सागवानी." आणि त्या एका स्टुलापायी शहाडच्या बंद पडलेल्या वखारीतला गंजका बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर पट्टी फिरणारी धिप्पाड करवत, त्यांच्या वर्तकनगरच्या घरामागच्या अंगणात येऊन बसला. चाकांची बेअरिंगं पार झिजलेली. नवी आणायची, ताईच्या चांगल्या कढईत तेलात वड्यांसारखी तापवायची, म्हणजे ती दांड्यावर अलगद सरकतात. मग स्क्रू-ड्रायव्हर कानाला. "अजून कुरकुरतंय." की उपटली, पुन्हा नवी.

"अहो, कुरकुरत का होईना, चालतंय ना? कापा की," ताई म्हणायची. भिंतीला हात टेकून, उभ्यानेच पूजा करत म्हणायची. यांना ऐकू आलं तर शपथ.

"दाजी, झिजतायत ते तिचे गुडघे," मी एकदा चिडून बोललो.

"तुला यंत्रातलं कळत नाही रे."

श्रावणात ताई तापाचं निमित्त होऊन गेली. तेराव्यानंतर मी वर्तकनगरला गेलो तो भांडायच्याच तयारीने. करवत चालू होती आणि खरंच, तिचा आवाज म्हणून येत नव्हता. स्टूल तयार होऊन देवांपुढे ठेवलेलं. हात फिरवला, कुठे कुसळ नाही. इतका राग आला मला.

दाजी फुलांची परडी घेऊन आले. स्टूल बाजूला सारलं नाही, त्यावर बसलेही नाहीत. भिंतीला हात टेकून उभे राहिले.

"आधी कुठल्या देवाला वाहायचं रे?" त्यांनी मला विचारलं. "ती रोज सांगायची."