वजा चाळीसचा मे महिना

हसायचंच असेल तर आधी हसून घ्या, कारण आता सांगतो तो गाढवपणा सोळा आणे माझाच आहे. चहा थंड झाला तरी चालेल, पण पूर्ण ऐका!

हसनाबादच्या रस्त्याला माझं गॅरेज. बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून भास्कर आजार ओळखतो, असं लोक म्हणतात. म्हणजे पहिल्यांदा मीच म्हणालो, मग लोक म्हणू लागले.

मे महिना. सकाळी नऊलाच डोक्यावरचा पत्रा तापलेला. पिंपळगाव रेणुकाईचे किसनमामा पिकअप घेऊन आले. मागे चौदा बकऱ्या, पुढे डॅशबोर्डावर पिवळा दिवा.

"भास्कर, गाडी ओढूनच न्हाई राह्यली. बाराच्या आत बाजार गाठायचाय. मंग व्यापारी निघून जातेत."

"मामा, चहा सांगा. चहा येईस्तोवर गाडी तयार!"

स्कॅनर लावला. इंजिनात जाणारी हवा किती गरम आहे, हे सांगणारा एक छोटा सेन्सर असतो. त्याचा आकडा आला, वजा चाळीस!

मामा चष्मा सावरून वाचू लागले. "वजा चाळीस? आपल्या हसनाबादला? मंग मला घाम कायचा फुटून राह्यला?"

"सेन्सर मेला, मामा. बदलला की झालं."

आता खरं तर काय करायचं असतं? सेन्सरचा प्लग काढायचा, प्लगातल्या दोन वायरी एकमेकींना जोडायच्या आणि आकडा पाहायचा. आकडा झपकन वर चढला तर वायरी ठीक, सेन्सर खराब. हललाच नाही तर वायर तुटलेली. दोन मिनिटांचं काम! लोकांना फोनवर मीच शिकवतो हे. पण मी स्वतः कशाला करू? मला तर आवाजावरून कळतं ना!

नवा सेन्सर बसवला. वजा चाळीस.

"नवाच खराब निघाला," मी म्हणालो आणि दुसरा बसवला. वजा चाळीस!

साडेदहा वाजले. बकऱ्यांनी ओरडून गॅरेज डोक्यावर घेतलं.

"मामा, गाडीचा कॉम्प्युटर गेला!" मी छातीठोकपणे जाहीर केलं. "बाहेरून मागवावा लागंल. चार दिवस धरा."

मामांचा चेहराच उतरला. "चार दिवस? आरं, घरी चारा संपला म्हणून तर इकून राह्यलो. ह्यांना खाऊ काय घालू?"

ते ऐकून मात्र मला कसंसंच झालं. गुपचूप प्लग काढला, दोन वायरी जोडल्या. आकडा हलेना! वायरीवरून बोट फिरवत गेलो, तर एका जागी बारीक छिद्र आणि आतलं तांबं हिरवं पडून तुटलेलं. करंट शोधायला कोणीतरी पिन टोचली होती. त्या छिद्रातून पावसाचं पाणी गेलं आणि वायर सडली.

मग काय विचारता! समोरच्या टपरीपर्यंत ऐकू जाईल असा माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "कोण्या अडाण्याचं काम हाय हे? वायरीत पिना खुपसतेत का कोणी?" तेवढ्यावर थांबलो का? छे! फोटो काढून जिल्ह्यातल्या मेकॅनिकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'असल्या माणसांमुळेच आपली लाइन बदनाम होते!'

वायर जोडली. आकडा आला एकेचाळीस, दिवा विझला. अकराला पाच कमी होते. मामा गाडीत बसले, चावी फिरवली आणि थांबले.

"भास्कर, एक बोलू का? मागच्या पावसाळ्याआधी ह्या गाडीला भोंगा तूच बसवल्ता. करंट सापडंना म्हणून सात-आठ वायरी तूच टोचल्त्या."

"मी? माझ्याकडं पिन कुठं असती मामा?"

"न्हवतीच. तुझी मामी बाजूला बसल्ती. तिच्या पदराची काढून घेतल्ती तू."

आठवलं! पदर सावरत बसलेल्या मामीसकट सगळं आठवलं. फोटो पुसायला फोन उघडला, तर बत्तीस उत्तरं आलेली. 'नाव सांगा त्याचं!' 'दुकान बंद करा असल्याचं!'

मी घाम पुसला आणि लिहिलं, 'जाऊ द्या, माणूस ओळखीचा आहे. मी समज देतो त्याला.'

मामांनी खिडकीतून मान काढून ते सावकाश वाचलं.

"बराबर. चांगली समज दे. अन् पिन बी मागून घे त्याच्याकडून, तुझी मामी अजून इचारून राह्यली."