ढगाच्या गोष्टीचा शेवट

“घाई कावून करता साब? पिकू द्या की,” असं म्हणत चाचा सीताफळ तळहातावर घेत आणि डोळे मिटून बसत. गिऱ्हाईक ताटकळत उभं राही. अंबाजोगाईच्या स्टँडसमोरून तुम्ही कधी गेला असाल, तर तो सीताफळांचा गाडा आणि त्यामागे लागलेली चाचांची ती समाधी तुम्हीही पाहिली असेल.

माझं टायपिंगचं दुकान गाड्यासमोरच. एका दुपारी, उन्हात सगळा रस्ता पेंगत असताना, चाचा आत आले.

“साब, लेकरांसाठी गोष्ट कशी लिव्हायची, ते नेटवर असतंय का?”

मला हसू आलं, पण मी ते गिळलं. त्यांची सात वर्षांची नात, थोरल्या मुलीची लेक, मला माहीत होती. पूर्वी गाड्याशी ‘नाना, नाना’ करत चाचांच्या मागं असायची. आई गेल्यापासून पोरीनं बोलणंच सोडलं होतं. नुसती मान हलवायची. डॉक्टर झाले, शाळेतल्या बाई झाल्या, सगळ्यांनी हात टेकले.

“गोष्टीसंगं तरी बोलंल,” चाचा म्हणाले.

मग रोज दुपारी मी शोधायचो आणि त्यांना वाचून दाखवायचो. सल्ल्यांना तोटा नव्हता. वाक्यं छोटी ठेवा. मंजूर. शेवटी तात्पर्य सांगू नका. “आन् मग लेकरू शहाणं कसं व्हईल?” यावर आमचं दोन दिवस वाजलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन म्हणाले, “बरूबर हाय. मला कुणी तात्पर्य सांगाय लागलं की मीबी उठून जातो.”

‘लिहून झालं की काही दिवस बाजूला ठेवा’ हा सल्ला मात्र त्यांना फारच पटला. त्यांनी वही सीताफळांच्या आढीत, गवताखाली ठेवून दिली. आठवड्यानं काढली, तर पानोपानी रस उतरलेला आणि अर्ध्या गोष्टीला मुंग्या. “जास्तच पिकली,” म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसले.

गोष्ट एका चुकलेल्या ढगाची होती. तो बालाघाटाच्या डोंगरावर उतरतो, सीताफळाच्या बागेत झोपतो आणि भेटेल त्याला विचारतो, माझी आई पाहिली का? चाचा वाचू लागले की माझा हात थांबायचा. पंखा बंद असला तरी दुकानात गार वाटायचं, खोटं नाही सांगत.

घरी नात ऐकायची, जवळ सरकायची, पण बोलायची नाही. त्यातच गोष्ट शेवटाशी येऊन अडली.

“शोधा साब, आई भेटणारच न्हाई, तर गोष्ट कशी संपवायची?”

मी खूप शोधलं. एकानं लिहिलं होतं, मुलांशी खोटं बोलू नका. दुसरा म्हणे, मुलांना आशा द्या. दोन्ही एकदम कसं साधायचं, ते कुणीच सांगितलं नव्हतं. चाचा वही मिटून पुन्हा उन्हात, गाड्याशी जाऊन उभे राहिले.

त्याच वर्षी हिवाळ्यात चाचा झोपेतच गेले. मला फार लागलं. समोरची रिकामी जागा दिसू नये म्हणून मी खुर्ची फिरवून घेतली.

महिन्यानं त्यांची धाकटी मुलगी वही टाईप करायला घेऊन आली. सोबत नात होती. मी शेवटच्या ओळीपर्यंत आलो आणि थांबलो. “याला शेवटच नाही,” मी म्हणालो.

“हाय.”

पोरीच्या मावशीनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. नात माझ्या टेबलाशी येऊन उभी होती.

“ढगाला आई न्हाई भेटली. मग त्यानं नानाला बघितलं. गाड्यावर लई ऊन हुतं. म्हणून तो तिथंच थांबला, नानाच्या डोक्यावर.”

मी लिहितोय ना, हे तिनं वाकून पाहिलं.

“आन् मग दोघंबी झोपले.”

मी तसंच टाईप केलं. अक्षरं नीट दिसत नव्हती, तरी.