दाजींचा पाठ

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मी नवघरमध्ये दर शुक्रवारी एका बायबल अभ्यासगटात जायचो. आम्ही पाच जण. सगळे मुंबईहून इथे राहायला आलेले, सगळे कारकून किंवा कारकुनीतून निवृत्त. देवाचं कामही आम्ही त्याच सवयीनं करायचो: काय दाखल करून घ्यायचं आणि काय शेरा मारून परत पाठवायचं. आमच्या प्रोटेस्टंट बायबलात सहासष्ट पुस्तकं, कॅथलिकांच्या बायबलात आणखी सात. त्या सातांना आम्ही अपोक्रिफा म्हणायचो, आणि म्हणताना आमचे चेहरे भाजीत केस सापडल्यासारखे व्हायचे. त्यातलं एकही पुस्तक आमच्यापैकी कुणी वाचलेलं नव्हतं. त्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना आहे आणि ती चूक आहे, एवढं ऐकून माहीत होतं. तेवढ्यावर आम्ही तासन् तास बोलू शकायचो.

माझ्या थोरल्या बहिणीनं इथल्याच, जवळच्या डोंगरी गावातल्या एका कॅथलिक माणसाशी लग्न केलं. वडील लग्नाला गेले नाहीत. मी गेलो, आणि गेल्याचा मोठेपणा पुढे वीस वर्षं मिरवला. दाजी भाजीचा मळा करायचे. आजारात, आता आपण उठत नाही हे कळल्यावर, त्यांनी ताईला सांगून ठेवलं की मला जाऊन महिना भरेल त्या दिवशीच्या घरच्या प्रार्थनेत अमुक पाठ वाचायचा आणि तो तुझ्या भावानंच वाचायचा, त्याचा आवाज चांगला आहे. भल्या माणसांचे जीव देवाच्या हातात असतात, तिथे त्यांना कसला त्रास होत नाही, अशा अर्थाचा तो उतारा. त्या सात पुस्तकांपैकी एकातला.

दाजी गेल्यावर मी शुक्रवारी हे गटासमोर ठेवलं. मरणाऱ्या माणसाची इच्छा, आणि मी ती मंजुरीला ठेवली. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ म्हणाले, वाचा, पण आपल्यातलं वाचा. दुसरे हसून म्हणाले, "दाजी काय आता उठून तपासणार आहेत?" मीही हसलो.

महिना भरला त्या संध्याकाळी ताईनं ओटीवर त्यांचं बायबल माझ्या हातात दिलं. खुणेला झावळीची सुकलेली पाती होती. मी ते बंद करून बाजूला ठेवलं, पिशवीतून माझं काढलं आणि एक स्तोत्र वाचलं. आवाज चांगलाच लागला. सगळे आमेन म्हणाले. ताईनं मान वर केली नाही. तिची सासू मात्र म्हणाली, "ह्यो पाठ न्हाय. माज्या पोरानं दुसरा सांगितलेला."

तेव्हा गप्प बसायचं होतं. मी त्या म्हाताऱ्या आईला, तिच्या मुलाच्या फोटोसमोर, आमच्या चर्चला ती पुस्तकं मान्य नाहीत हे समजावून सांगितलं. सिद्धांत हा शब्द मी दोनदा वापरला.

पुढे काही महिन्यांनी हा पराक्रम मी आमच्या पाळकसाहेबांना सांगितला, शाबासकी मिळेल म्हणून. ते उठले, कपाटातून जुनं प्रार्थनेचं पुस्तक काढलं आणि मागे छापलेली आमच्या चर्चच्या श्रद्धेची एकोणचाळीस कलमं उघडून सहाव्यावर बोट ठेवलं. म्हणाले, "आपलं चर्च ही पुस्तकं वाचतं. कसं जगावं, कसं वागावं हे शिकायला. त्यांच्यावर सिद्धांत तेवढा उभा करत नाही. तुम्ही त्या ओटीवर कुठला सिद्धांत उभा करणार होता?" शिवाय तो उतारा आपल्याकडेही अंत्यविधीला चालतो, हेही त्यांनीच सांगितलं. इतकी वर्षं ज्या कुंपणावर मी पहारा दिला, ते कुठून जातं हेसुद्धा मी बघितलेलं नव्हतं.

शुक्रवारी मी गटाला हे सांगितलं. ज्येष्ठ म्हणाले, ती कलमं आता जुनी झाली. मग चिवडा आला. त्या दिवसापासून मी तिथे जाणं सोडलं. पण त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पुस्तक त्यांच्या हातात दिलं नव्हतं, माझ्या हातात दिलं होतं.

पुढच्या रविवारी मी डोंगरीची बस धरली. माणसानं माफी मागायला हात जोडून जावं. मी सहाव्या कलमाची झेरॉक्स घेऊन गेलो. ताईनं चष्मा लावून ती पूर्ण वाचली.

"म्हणजे आता तुला परवानगी मिळाली," ती म्हणाली.

मी म्हटलं, तसं नाही, माझी चूक झाली, आता वाचतो, तुझ्या सासूबाईंनाही बोलाव.

"अरे, ते पुस्तक तुमच्यात चालत नाही हे ह्यांना कळत नव्हतं का? तरी तुझ्याकडून ऐकायचं होतं ह्यांना." तिनं कागदाची घडी घालून माझ्या खिशात ठेवली. "महिना एकदाच भरतो रे. त्या दिवशी मग रात्री मीच वाचला. मला नीट वाचता आला नाही."

तो उतारा आता मला तोंडपाठ आहे. ताईनं पुन्हा कधी मागितला नाही, आणि आपणहून तिच्यासमोर म्हणायची माझी हिंमत झालेली नाही.