सुगंधाबाईचा राजीनामा

"मारून काय होतं? मेला की सुटला," सुगंधाबाई म्हणाली आणि परातीतल्या पिठावर तिनं मूठ दाबली.

"मग काय ओवाळायचं का त्याला?" सून द्वारका लसूण सोलता सोलता म्हणाली. "आत्याबाई, अख्खं जहाज मारलंय त्यानं. त्याच दारातनं बाहेर ढकलायचा आन दार लावून घ्यायचं. मी ग्रुपवर तसं लिहिलं, तर जालन्याच्या एकानं 'ताई, पाणी प्या' म्हणून हात जोडले."

"कुणी मारत नाय त्याला," रामकिसन फोनमधून मान वर न काढता म्हणाला. "मालिकेच्या आजच्या शेवटच्या भागाचं नाव आलंय. राजीनामा. कर्कट पद सोडणार. ग्रुपवर सकाळधरनं पेढे वाटायलेत पोरं."

"राजीनामा म्हणजे पद सोडणं नाय."

"मग काय असतंय, आई?"

"मालिका हिंदी हाय. हिंदीतला राजीनामा म्हणजे तडजोड. हात मिळवतील दोघं. बघ तू."

रामकिसन हसला. "मागच्या महिन्यात आमच्या सुपरवायझरनं राजीनामा दिला. त्यानं कुणाशी हात मिळवला?"

"त्याला आधी करमाडला पाठवायचा होता. तिथं शिकला असता."

खाटेवर बसून पायाचे तळवे चोळणारे रामकिसनचे वडील, आप्पा, थांबले. सोळा वर्षांत करमाडचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं. आणि आज दुपारीच त्यांच्या थोरल्या भावाचा, सोनाजीचा, फोन येऊन गेला होता.

'ध्रुवयान' ही खरं तर रामकिसनची मालिका. चित्रांची, हिंदीतली. पृथ्वी सोडून निघालेली सात जहाजं नवा ग्रह शोधत जातात. वाळूजच्या कंपनीतले त्याचे मित्र, त्यांचे मित्र, असं करत फोनवर मोठा ग्रुप जमला होता आणि द्वारका लग्नानंतर महिन्याभरात त्यात शिरली होती. सुगंधाबाईला टीव्हीचं वेड नव्हतं. कंपनीच्या कँटीनमध्ये दिवसभर चपात्या लाटून आल्यावर ती दागिने घालून झोपणाऱ्या सुनांच्या मालिका बघायला बसत नसे. पण एका रविवारी ती बजाजनगरातल्या आपल्या दोन खोल्यांत पोळपाट घेऊन बसली होती आणि पडद्यावर चौथं जहाज आलं. त्यात जनावरं होती. मेंढ्यासुद्धा. कर्कट नावाच्या अधिकाऱ्यानं आपलं जहाज पुढं जावं म्हणून चौथ्या जहाजाचं दार बाहेरून उघडलं. मेंढ्या एकेक करत काळ्या आभाळात तरंगत गेल्या. आवाज काहीच नाही. सुगंधाबाईच्या हातातलं लाटणं थांबलं. त्या दिवसापासून तिनं एकही भाग चुकवला नाही.

तिच्या मेंढ्या मात्र ओरडल्या होत्या. करमाडच्या शिवारात दोन भावांचे दोन कळप होते. शेंद्र्याकडं कारखाने आले, चराई आटली, आणि उरलेलं पडीक रान एकाच कळपाला पुरेल एवढं राहिलं. मग एका पहाटे सुगंधाबाईचा कळप जालना रोडवर ट्रकांखाली सापडला. मेंढ्यांभोवती रात्री जाळं लावतात, वाघर. ती कुठं फाटली नव्हती, तुटली नव्हती. गाठ सोडलेली होती. घरात चालत आलेली ती उलटी गाठ दोनच माणसांना सुटायची. एक आप्पा, तिच्या शेजारी झोपलेले. दुसरा सोनाजी. कुत्रंसुद्धा भुंकलं नव्हतं. घरच्या माणसावर काय भुंकणार?

ती तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेली. आप्पा गेले नाहीत. थोरल्या भावापुढं त्यांची मान कधी वर झाली नव्हती. मग गावातली चार माणसं मध्ये पडली. त्यांतले काकासाहेब निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, कागद लिहावेत तर त्यांनीच. ते म्हणाले, "सुगंधा, राजीनामा होऊन जाऊ दे. सोनाजी तयार हाय. तू सही कर, मिटलं."

सोनाजी तेव्हा ग्रामपंचायतीचा सदस्य होता. सुगंधाबाई सातवी शिकलेली. तिला वाटलं, हा खुर्ची सोडतोय. मेंढ्या परत येत नाहीत, निदान चारचौघांत खाली तरी उतरेल. तिनं पदर सावरून, गोल अक्षरात, नीट सही केली.

आठवड्यानं ती पंचायतीत गेली, तर सोनाजी त्याच खुर्चीवर बशीत चहा ओतून पीत होता.

"भावजींनी राजीनामा दिला ना?" तिनं काकासाहेबांना विचारलं.

"त्यांनी कशाचा द्यायचा? तूच दिलास की, बाई. राजी असल्याचा कागद. आपापसात मिटलं म्हणून."

सगळे हसले. सोनाजी इतका हसला की चहा धोतरावर सांडला. पुढं गावात कुणाची खुर्ची रिकामी दिसली की "सुगंधाबाई येऊन गेल्या वाटतं" म्हणायची रीत पडली. लग्नाच्या पंगतीत वाढपी तिला विचारायचे, "बुंदी देऊ का राजीनामा?" वर्षभरात तिनं चूल हलवली आणि आप्पांना घेऊन बजाजनगरात आली. वाघर तेवढी सोबत आणली. ती अजून माळ्यावर आहे.

आणि आज सोनाजीचा फोन. त्याच्या मुलाचा, कडूबाचा, साखरपुडा येत्या रविवारी. सोनाजीची बायको वारलेली. या घराण्यात नवरीची पहिली ओटी मुलाची आई भरते, ती नसली तर चुलती. तिसऱ्या बाईचा हात चालत नाही. मुलीकडचे जुन्या वळणाचे. त्यांनी विचारलं होतं, सख्खी चुलती असून येत का नाही?

"नुसती येऊन बस," आप्पा आता पुन्हा म्हणाले. "लई वर्षं झाली. दादा थकलाय. फोनवर रडत होता."

"रडायचे का हसायचे? नीट ऐकलं का तुम्ही?"

"रामकिसनच्या माय, पोराचं लग्न हाय."

"टीव्ही लाव," ती रामकिसनला म्हणाली.

शेवटचा भाग लागला. भाकरी तव्यावर करपली तरी कुणी उठलं नाही. ताफ्याची कप्तान इरा कर्कटसमोर उभी राहते. चौथ्या जहाजाचं नाव निघतं, ती डोळे मिटून घेते, मग म्हणते की नव्या ग्रहावर जुना हिशेब नको. दोघं हात मिळवतात. सातांतल्या उरलेल्या सहा जहाजांची रांग निळ्या ग्रहाकडं उतरते. गाणं.

रामकिसनचा फोन थरथरत होता. मग त्यानं एकेक संदेश वाचून दाखवला. एकजण म्हणत होता, लिहिणाऱ्याच्या घरी मोर्चा न्या. दुसरा म्हणत होता, माफी हेच मोठेपण, तुम्हाला कळत नाही. त्याला सगळ्यांनी मिळून झोडपलं. मग कुणीतरी सुचवलं, ज्यानं त्यानं आपापला शेवट आवाजात पाठवा.

"आत्याबाई, तुम्ही सांगा." द्वारकानं फोन तिच्या तोंडापुढं धरला.

सुगंधाबाईनं हाताचं पीठ झटकलं. "त्याला मारू नका," ती सावकाश बोलली. "सगळ्यात आधी त्यालाच खाली उतरवा. आन दारात उभा करा. नवीन माणूस आलं, की त्यानं रामराम करायचा आन सांगायचं, चौथ्या जहाजाचं दार मी उघडलं. पाव्हणा असू दे, सून असू दे, नातू असू दे. आधी हे सांगायचं, मग त्याला आत घ्यायचं. जिता हाय तवर. झालं."

द्वारकानं पाठवलं. थोड्या वेळात रामकिसन म्हणाला, "आई, जालन्यावाला म्हणतोय, हाच खरा शेवट. सगळे शाबासकीचे अंगठे पाठवायलेत."

आप्पा मात्र बायकोच्या तोंडाकडं बघत होते. त्यांना त्यात जहाज कुठंच दिसलं नव्हतं.

त्यांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि उचलला नाही. सुगंधाबाईनं हात पुढं केला.

"हां, भावजी. मीच बोलते." तिनं सवयीनं पदर डोक्यावर घेतला. पलीकडं सोनाजी बराच वेळ बोलत होता. तिनं मध्ये तोडलं नाही. "व्हय. येते की. ओटी मीच भरीन. तुमचा राजीनामा तेवढा राहिलाय, तो घ्यायलाच येते."

सोनाजी मोठ्यानं हसला. ते सगळ्या खोलीत ऐकू आलं. "व्हय, व्हय, होऊन जाऊ दे राजीनामा," तो म्हणत होता. "काकासाहेब असते तर खूश झाले असते."

तिनं फोन आप्पांच्या मांडीवर ठेवला. आप्पांचा चेहरा उजळला होता. "मिटलं म्हणायचं," ते म्हणाले.

"रामकिसन, माळ्यावरनं वाघर काढ. झटकून ठेव, सोबत न्यायची."

"वाघर? साखरपुड्याला?"

"ओटीच्या ताटाशेजारी ठेवायची. भावजी उठून उभे राहतील आन पाव्हण्यांना सांगतील, ही गाठ मी सोडली. त्यांनी सांगितलं की मी ओटी भरीन. नाय सांगितलं तर तांदूळ ताटात राहतील आन मी सांगीन."

"अगं, लग्न मोडंल," आप्पा म्हणाले.

"आत्याबाई, त्या पोरीचा काय दोष?" द्वारका हळूच म्हणाली.

"कायच नाय. म्हणून तर तिला कळाय पायजे, कुणाच्या घरात चाललीय. मला कुणी सांगितलं नव्हतं."

आप्पांनी मुलाकडं बघितलं. रामकिसन स्टूल घेऊन माळ्याखाली उभा होता.

"रविवारी सकाळच्या गाडीनं निघायचं, समदे," सुगंधाबाई म्हणाली. "जेवायला बसा. करपलेली भाकर माझ्या ताटात टाका."